पोटात राहिलेला टॉवेल

१० जुलै १९६३ रोजी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एक महिला बाळंतपणासाठी दाखल झाली. त्याच दिवशी तिला मुलगा झाला. बाळंतपण उरकले की कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही करून घ्यायची, असे ठरवूनच ती आली होती. ती शस्त्रक्रिया १३ जुलैला झाली. त्यानंतर लवकरच तिला ताप चढला, पोटात जोराने दुखू लागले. उतार पडेना. अखेर १९ जुलैला दुसऱ्या एका डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले. आत पू साचलेला होता आणि त्या पुवात एक टॉवेल होता.

शस्त्रक्रियेत रक्त टिपण्यासाठी आणि आतडी बाजूला धरून ठेवण्यासाठी जाड कापडाच्या घड्या वापरतात. ऑपरेशन थिएटरच्या भाषेत त्यांना मॉप म्हणतात. न्यायालयाच्या कागदपत्रांत मॉप आणि टॉवेल असे दोन्ही शब्द येतात. तो बाहेर काढला गेला, पण उशीर झाला होता. २४ जुलैला ती महिला गेली. मूल तेव्हा चौदा दिवसांचे होते.

कुटुंबीयांनी डॉक्टरांवर आणि राज्य सरकारवर दावा लावला. मागणी होती १ लाख ७५ हजार रुपयांची. खालच्या न्यायालयाने ३६ हजार मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. ‘खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो निकाल आजही वकिलीच्या आणि वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. त्या टॉवेलचा हिशेब लागायला जवळजवळ तेहतीस वर्षे लागली.

रुग्ण दगावला की बातमीत पहिला शब्द येतो तो ‘हलगर्जीपणा’. नातेवाईक तो शब्द रागाने उच्चारतात, डॉक्टर तो ऐकून हादरतात आणि पुढचे सगळे बोलणे आरडाओरड्यात बुडून जाते. कायद्याला मात्र या शब्दाचा बराच नेमका अर्थ अभिप्रेत आहे. तो रुग्णांना ठाऊक नसतो हे समजण्यासारखे आहे. अनेक डॉक्टरांनाही तो ठाऊक नसतो, हे जास्त काळजीचे.

कायदा परिणाम पाहून सुरुवात करत नाही. तो आधी विचारतो, की या माणसावर त्या माणसाची काळजी घेण्याचे कर्तव्य होते का? असेल, तर ते पाळण्यात कसूर झाली का? आणि झाली असेल, तर हे नुकसान त्या कसुरीमुळेच झाले का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘हो’ आली तरच भरपाईचा प्रश्न उभा राहतो. रुग्ण बरा झाला नाही, एवढ्याने यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

पहिल्या प्रश्नाचे आजचे रूप एका गोगलगायीमुळे आले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १९२८ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या पेझली गावात एका बाईला तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअरची बाटली घेऊन दिली. बाटली गडद काचेची होती, आतले दिसत नव्हते. अर्धी प्यायल्यावर उरलेली ओतली तेव्हा त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असे त्या बाईचे म्हणणे होते. ती आजारी पडली. पण दावा कोणावर लावणार? बाटली तिने विकत घेतलीच नव्हती. पैसे मैत्रिणीने दिले होते. दुकानदाराशी तिचा व्यवहार नव्हता आणि कारखानदाराशी तर अजिबातच नव्हता. १९३२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड ॲटकिन यांनी या गाठीचा उलगडा केला तो ‘शेजारी’ या कल्पनेने. आपल्या वागण्याचा थेट फटका ज्याला बसेल हे आपल्याला आधी दिसायला हवे, तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी. आणि त्याला इजा होणार नाही एवढी वाजवी काळजी घेणे आपल्यावर बंधनकारक. करार असो वा नसो, पैसे दिलेले असोत वा नसोत.

वाहन चालवणारा, पूल बांधणारा, खानावळ चालवणारा, सगळेच या कर्तव्याच्या कक्षेत येतात. डॉक्टरच्या बाबतीत तर शेजारी शोधायलाही लागत नाही, तो समोर स्टुलावर बसलेला असतो.

पण डॉक्टरचे कर्तव्य नेमके कशाकशाचे? याचे उत्तर देणारा भारतातला एक जुना आणि वारंवार उद्धृत केला जाणारा निकाल कोकणातल्या एका गावातून सुरू होतो. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या पुळणीवर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. जवळपास तातडीचे उपचार मिळण्याची सोय नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या. मग टॅक्सीने सुमारे २०० मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी त्याला पुण्यात आणले गेले. तिथल्या एका शल्यचिकित्सकाच्या खासगी रुग्णालयात तो दुपारी दाखल झाला. मॉर्फियाची दोन इंजेक्शने तासाच्या अंतराने द्यायला सांगितली होती. दिले गेले एकच. एक्स-रे झाले, थिएटरमध्ये पाय प्लास्टरमध्ये घातला गेला. संध्याकाळी सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल, असे सांगितल्यावर वडील दौंडला परतले. आई मुलाजवळ बसून राहिली. साडेसहाच्या सुमारास त्याला श्वास घ्यायला त्रास होऊ लागल्याचे तिच्या लक्षात आले. रात्री नऊ वाजता तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते फॅट एम्बॉलिझम, म्हणजे मोडलेल्या हाडातल्या चरबीचे कण रक्तात मिसळून फुप्फुसात अडकणे.

वैद्यकीयदृष्ट्या हे कारण अशक्य नव्हते. मांडीचे हाड मोडल्यावर एक ते तीन दिवसांत असे होऊ शकते, हे कुठलाही अस्थिरोगतज्ज्ञ सांगेल. डॉक्टरांचे म्हणणे होते, की रुग्ण थकलेला होता म्हणून हाड बसवण्याचे काम आपण पुढे ढकलले आणि फक्त हलका ताण देऊन प्लास्टर घातले. आईवडिलांचे म्हणणे वेगळे होते. पूर्ण भूल न देता, तिघा मदतनीसांना पाय खेचायला लावून, जोर लावून हाड बसवले गेले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला. साक्षीपुरावे पाहून खालच्या न्यायालयाने आईवडिलांचे म्हणणे ग्राह्य धरले, उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. भरपाईची रक्कम होती तीन हजार रुपये. पंधरा वर्षे लढून मिळालेल्या त्या तीन हजारांपेक्षा आईवडिलांना काय हवे होते, हे निकालपत्रात लिहिलेले नाही. ते लिहायची गरजही नाही.

‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या निकालात डॉक्टरच्या कर्तव्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी; कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी; आणि ते उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. यातला पहिला टप्पा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे भूलतज्ज्ञ नाही, रक्ताची सोय नाही, हे ठाऊक असताना गुंतागुंतीचा रुग्ण ठेवून घेणे हीसुद्धा कसूरच. लहान गावातला डॉक्टर जेव्हा ‘ताबडतोब जिल्ह्याला न्या’ म्हणतो, तेव्हा नातेवाइकांना वाटते की त्याने अंग काढून घेतले. बऱ्याचदा त्याने आपले कर्तव्यच केलेले असते. अर्थात, आधी रक्तस्राव थांबवून, सलाइन लावून, सोबत चिठ्ठी देऊन पाठवणे आणि नुसतेच दारातून परत पाठवणे यांत फरक आहे. तातडीच्या रुग्णाला प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत, मग डॉक्टर सरकारी असो की खासगी आणि प्रकरण पोलिसांचे असो की नसो. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरा प्रश्न कसुरीचा. किती काळजी म्हणजे पुरेशी काळजी? पालशेतच्या निकालाने उत्तर दिले, की सर्वोच्च दर्जाचीही नको आणि अगदी खालच्या दर्जाचीही चालणार नाही. त्या परिस्थितीत वाजवी म्हणता येईल अशी. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयातल्या प्राध्यापकाची फूटपट्टी भामरागडच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लावता येत नाही. पण सामान्य, सजग वैद्यकीय अधिकाऱ्याची फूटपट्टी त्यालाही लागतेच.

या फूटपट्टीचे कायद्यातले नाव आहे बोलॅम कसोटी. १९५७ मधला हा इंग्लंडचा खटला. मानसिक आजाराच्या एका रुग्णाला विजेचे झटके देण्याचे उपचार केले गेले. स्नायू सैल करणारे औषध दिले नव्हते, आणि झटक्यांत त्याची हाडे मोडली. ते औषध द्यावे की नाही याबद्दल त्या वेळी डॉक्टरांमध्येच दोन मते होती. न्यायालयाने ठरवले, की त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांचा एक गट ज्या पद्धतीला योग्य मानतो ती पद्धत वापरली असेल, तर दुसऱ्या गटाला ती पसंत नाही एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. भारतीय न्यायालयांनी ही कसोटी मोठ्या प्रमाणावर स्वीकारली.

डॉक्टरांना ही कसोटी आवडते हे उघड आहे. तिच्यावरचा आक्षेपही तेवढाच उघड आहे. डॉक्टर बरोबर वागला की नाही हे शेवटी डॉक्टरांनीच सांगायचे? १९९७ मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च पीठाने त्यात दुरुस्ती केली. तज्ज्ञांचे मत नुसते असून भागत नाही, ते तर्काच्या कसोटीवर टिकले पाहिजे. ही दुरुस्ती नसती तर कसोटीचा कल फारच एका बाजूला झुकला असता.

मतभेदाची ही सवलत कुठे संपते, हे पुन्हा टॉवेलकडे पाहिले की कळते. औषध कोणते द्यावे, शस्त्रक्रिया आज करावी की उद्या, यावर दोन मते असू शकतात. पोटात टॉवेल ठेवावा की नाही, यावर नाहीत. अशा वेळी रुग्णाला तज्ज्ञ आणून काही सिद्ध करावे लागत नाही. घटना स्वतःच बोलते. मग ‘आमची चूक नव्हती’ हे पटवून देण्याची वेळ दुसऱ्या बाजूवर येते. डाव्याऐवजी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, किंवा एकाच्या गटाचे रक्त दुसऱ्याला चढवणे, ही याच जातीतली उदाहरणे.

औरंगाबादच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती आणि सरकारी रुग्णालयात जाणाऱ्या प्रत्येकासाठी ती महत्त्वाची आहे. टॉवेल नक्की कोणी ठेवला? शस्त्रक्रिया करणाऱ्याने, मदतनीसाने, की मोजदाद करणाऱ्याने? सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की नेमका कोण हे बोट ठेवून सांगता आले नाही तरी सरकारची जबाबदारी सुटत नाही. रुग्णालय चालवणे हे सैन्य ठेवण्यासारखे सार्वभौम सत्तेचे काम नव्हे. ते कल्याणकारी काम आहे, आणि तिथल्या कर्मचाऱ्याच्या कसुरीला मालक या नात्याने सरकार बांधील आहे. एका खाटेवर दोन रुग्ण आहेत, एका सिस्टरकडे सबंध वॉर्ड आहे, निवासी डॉक्टर सलग दोन रात्री झोपलेला नाही, ही सगळी कारणे सरकारी रुग्णालयात खरी असतात. त्या डॉक्टरकडे किंवा सिस्टरकडे पाहताना ती लक्षात घ्यायलाच हवीत. पण ज्याने खाटा, सिस्टर आणि डॉक्टर पुरवायचे, त्याला तीच कारणे पुढे करून हात झटकता येत नाहीत.

तिसरा प्रश्न कार्यकारणाचा. हा सर्वांत रुक्ष वाटतो आणि कुटुंबीयांना सर्वांत क्रूर वाटतो. १ जानेवारी १९६६ च्या सकाळी लंडनमधल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात तीन रात्रपाळीचे पहारेकरी आले. चहा प्यायल्यापासून उलट्या होत होत्या. परिचारिकेने ड्युटीवरच्या डॉक्टरला फोन केला. डॉक्टर स्वतः आजारी होता. त्यांनी घरी जावे आणि आपापल्या डॉक्टरला दाखवावे, असे त्याने फोनवरच सांगितले. काही तासांनी त्यांतला एक मरण पावला. चहात आर्सेनिक होते. न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की रुग्णाला तपासले नाही ही कसूरच होती. तरीही भरपाई मिळाली नाही. कारण तपासले असते, तरी आर्सेनिकचे निदान होऊन उतारा सुरू होईपर्यंत तो वाचला नसता. कर्तव्य होते, कसूरही झाली, पण मृत्यू त्या कसुरीमुळे झाला नव्हता.

शवविच्छेदनाला नातेवाईक नकार देतात तेव्हा याच प्रश्नाचे उत्तर हातचे जाते. मृतदेहाची चिरफाड नको, ही भावना कोणीही समजू शकते. पण नंतर मृत्यूच्या कारणावर वाद झाला तर दोन्ही बाजूंकडे अंदाजच उरतात.

इथवर चाललेले सगळे बोलणे दिवाणी जबाबदारीचे, म्हणजे भरपाईचे होते. तुरुंगाचा प्रश्न वेगळा आहे आणि बहुतेक गोंधळ या दोहोंची सरमिसळ झाल्याने होतो. फेब्रुवारी १९९५ मध्ये लुधियानातल्या एका रुग्णालयात रात्री एका वृद्ध रुग्णाला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. डॉक्टर यायला वीस-पंचवीस मिनिटे गेली. ऑक्सिजन लावायला सांगितला, तर सिलिंडर रिकामा निघाला. मुलगा धावत जाऊन शेजारच्या खोलीतून दुसरा घेऊन आला, पण तो जोडण्याची व्यवस्था होईपर्यंत आणखी मिनिटे गेली. रुग्ण गेला. डॉक्टरांवर फौजदारी खटला भरला गेला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले आणि ऑगस्ट २००५ मध्ये ‘जेकब मॅथ्यू’ या नावाने ओळखला जाणारा निकाल लागला. रिकामा सिलिंडर ही रुग्णालयाची दिवाणी जबाबदारी असू शकेल, पण त्यासाठी या डॉक्टरांना गुन्हेगार ठरवता येणार नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी साधी कसूर पुरत नाही, ती ढळढळीत आणि बेपर्वा असावी लागते. शिवाय पोलिसांनी कारवाईपूर्वी त्या शाखेतल्या स्वतंत्र आणि शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे मत घ्यावे. आरोप झाला म्हणून लगेच अटक करू नये. हल्ली अशा बातम्यांत ‘सरकारी तज्ज्ञ समितीचा अहवाल’ हे शब्द येतात, त्यांचे मूळ या निकालात आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बेपर्वाईने मृत्यू घडवण्याची शिक्षा कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत वाढवली आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना असा मृत्यू झाला तर मात्र ती दोन वर्षांपर्यंतच आहे. डॉक्टरांना मोकळे सोडले, असे काहींना वाटते. डॉक्टरांना ही दोन वर्षेही नको आहेत. भूलतज्ज्ञाने भूल देऊन मोबाइलवर बोलत बाहेर निघून जाणे आणि दुर्मीळ आजाराचे निदान चुकणे या दोन गोष्टी एकाच कलमात बसवण्याचा प्रयत्न होतो, तोवर ही ओढाताण चालूच राहणार.

मग ज्याला खरोखर तक्रार आहे, त्याने कुठे जावे? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात ठरवले, की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे. पण ज्या रुग्णालयात सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ते या कायद्याबाहेर राहते; केसपेपरसाठी भरलेल्या किरकोळ शुल्काने त्यात फरक पडत नाही. जिथे काही रुग्ण पैसे देतात आणि काहींवर मोफत उपचार होतात, तिथे मोफतवालेही ग्राहक ठरतात. म्हणजे सर्वांत गरीब रुग्णाला सर्वांत सोपे दार बंद आणि दिवाणी न्यायालयाचे लांबचे दार उघडे. औरंगाबादच्या त्या कुटुंबाने तेच दार ठोठावले होते. या व्यवस्थेचे समर्थन करणे अवघड आहे.

डॉक्टरच्या वर्तनाबद्दल तक्रार असेल तर ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. तिथे भरपाई मिळत नाही, पण नोंदणी काही काळासाठी किंवा कायमची काढून घेतली जाऊ शकते. दार कोणतेही असो, तिथे जाताना हातात कागद लागतात. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे द्यावी लागतात, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवण्याचेही बंधन आहे. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. फाइल मिळाली की तीत डॉक्टरांच्या नोंदींइतकेच सिस्टरच्या नोंदींकडे लक्ष द्यावे. नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण दर काही तासांनी लिहिलेले असते. रुग्ण कधी बिघडायला लागला, कोणाला कधी कळवले गेले, कोण कधी आले, हे त्या तक्त्यातून उमगते. चांगल्या डॉक्टरचा बचावही याच पानांवर असतो. ‘रात्री २.४० ला पाहिले, पोट मऊ, सल्ला असा दिला’ एवढी एक ओळ, वेळेसह आणि सहीसह, पुढे दहा साक्षीदारांचे काम करते. ती लिहायला अर्धे मिनिट लागते, आणि गर्दीच्या रात्री तेवढेच अर्धे मिनिट मिळत नाही.

आता पुन्हा त्या टॉवेलकडे. एवढी मोठी वस्तू पोटात राहतेच कशी, असे कोणालाही वाटेल. रक्ताने भिजलेला मॉप मुठीएवढा होतो आणि आतड्यांच्या वळशांत तो आतड्यासारखाच दिसतो. खोल पोटात तो हाताला लागतो, पण डोळ्यांना दिसत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीरात वस्तू राहिलेल्या ५४ रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. राहिलेल्या वस्तूंपैकी दोनतृतीयांशाहून अधिक मॉप-गॉजच होते. तातडीची शस्त्रक्रिया, शस्त्रक्रिया चालू असताना अचानक बदललेला बेत आणि रुग्णाचा लठ्ठपणा या तीन गोष्टींनी धोका वाढतो, असे त्यात आढळले. या अभ्यासाचे प्रमुख लेखक होते अतुल गवांदे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातले. त्या अभ्यासातली एक गोष्ट थिएटरमधल्या प्रत्येकाला अस्वस्थ करणारी होती. मोजदाद केल्याचे आणि ती बरोबर आल्याचे ज्यांच्या कागदांवर लिहिले होते, अशा अनेकांच्या पोटातही मॉप राहिलेला होता. आकडे जुळले होते. मोजणे चुकले होते.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी गवांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेची एक तपासणी यादी तयार केली. १९ मुद्दे, एक पान. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली, त्यात नवी दिल्लीतलेही एक होते. २००९ मध्ये निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. त्या यादीत नवे तंत्रज्ञान नाही. रुग्णाचे नाव विचारा, कोणती बाजू ते विचारा, ॲलर्जी विचारा, मॉप आणि हत्यारे मोजा आणि हे सगळे मोठ्याने बोला, एवढेच आहे. सगळीकडे पुढे एवढाच फायदा दिसला असे नाही. जिथे ती नुसती टिकमार्क करायची आणखी एक चिठ्ठी झाली, तिथे फरक पडला नाही, यात नवल काहीच नाही.

आज बहुतेक थिएटरांत मॉपच्या कापडात एक्स-रेवर दिसणारा धागा विणलेला असतो आणि भिंतीवर एक फळा असतो. छेद घेण्यापूर्वी सिस्टर दुसऱ्या सिस्टरसमोर मॉप एकेक उलगडून मोजते आणि फळ्यावर आकडा लिहिला जातो. मध्येच पाच नवे उघडले तर ‘अधिक ५’. पोटाचे आवरण शिवण्यापूर्वी पुन्हा मोजणी, कातडी शिवण्यापूर्वी आणखी एकदा. बादलीतले रक्ताळलेले मॉप काढून, पिळून, ओळीने मांडून मोजायचे असतात. पहाटेचे तीन वाजलेले असतात, भूलतज्ज्ञ घाई करत असतो, बाहेर पुढचा रुग्ण ट्रॉलीवर कण्हत असतो. अशा वेळी, ड्युटीवर लागून जेमतेम वर्ष झालेल्या सिस्टरला, वीस वर्षे अनुभवाच्या सर्जनला सांगावे लागते, ‘सर, एक कमी आहे.’ सर्जन म्हणतात, ‘नीट मोजा, खाली पडला असेल.’ ती टेबलाखाली पाहते, चादरीच्या घड्या झटकते, बादली पुन्हा उपसते. ‘नाही सर, एक कमीच आहे.’ सर्जन सुई बाजूला ठेवतात, घातलेले तीन टाके कापतात आणि हात पुन्हा आत घालतात.